हरणाला आपला वास का लागतो आणि जंगलात वारा कसा बघायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणारे एक जण पेनसिल्व्हेनियात धनुष्यबाणाने हरणाच्या शिकारीचा पहिलाच हंगाम, म्हणजे आर्चरी सीझन, करतायत. वास मारायचा स्प्रे घेतला, वास शोषून घेणारा कार्बनचा सूट घेतला, बूट वेगळे ठेवले. त्यांचा ट्री-स्टँड (झाडाला बांधलेलं बसायचं मचाण) डोंगराच्या पूर्वेकडच्या उतारावर साधारण मध्यावर आहे, खाली ओढा आहे. हवामानाच्या अ‍ॅपवर वारा वायव्येकडून दाखवत होता, म्हणजे वास डोंगरापासून लांब, ओढ्याच्या वरून आग्नेयेला निघून जायला हवा होता, आणि तरी लागोपाठ तीन संध्याकाळी माद्या खालून ओढ्याकडून आल्या, थबकल्या, पाय आपटला, फुर्रर्र करून शेपटी वर करून निघून गेल्या. विचारतायत की काय चुकतंय, अजून कुठला स्प्रे घेऊ.

मी मध्य पेनसिल्व्हेनियात १७ सीझन धनुष्याने व्हाइटटेलची शिकार करतोय, त्यातले पहिले चार-पाच सीझन मी पण बाटल्याच बदलत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. (व्हाइटटेल हे आपल्या चितळ-सांबराच्या कुळातलं, दरवर्षी शिंगं गाळणारं जनावर, पण इथे सगळे मराठी लोक त्याला हरीणच म्हणतात, मी पण तेच म्हणतो.)

तुमचा स्प्रे चुकलेला नाही, तुम्ही हवा वाचलेली नाही. माणसाचा वास संपवता येत नाही, कमी करता येतो, आणि तो कमी केलेला वाससुद्धा हरणाला पुरेसा असतो. आपल्या हातात खरं एकच आहे, तो वास कुठे जाऊ द्यायचा.

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे बघा. माद्या "खालून" आल्या आणि वेळ "संध्याकाळ". शाळेत भूगोलात स्थानिक वारे शिकलेलो आपण, दरीय वारे आणि पर्वतीय वारे, खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा उतार तापतो, हवा हलकी होऊन चढाने वर जाते. ऊन गेलं की उतारालगतची हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी खाली वाहायला लागते. इथले शिकारी याला थर्मल म्हणतात. परीक्षेत दोन मार्कांना यायचं ते, पण जंगलात सगळा खेळ त्याच्यावर आहे, कारण सकाळ-संध्याकाळ जेव्हा हरीण हलतं नेमकं तेव्हाच ही हवा दिशा बदलते.

आता तुमचा स्टँड पूर्वेच्या उतारावर. पूर्वेचा उतार सकाळी सगळ्यात आधी तापतो पण दुपारनंतर सगळ्यात आधी सावलीत जातो. ऑक्टोबरच्या शेवटी सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो पण तुमच्या उतारावरचं ऊन त्याच्या खूप आधी गेलेलं असतं, म्हणजे तुम्ही ज्या वेळेला "अजून प्राइम टाइम यायचाय" म्हणून बसलेले असता त्या वेळेला तुमचा वास आधीच उतारावरून घरंगळत ओढ्यात पोचलेला असतो आणि तिथे साठत असतो. माद्या ओढ्याकडून येतात, म्हणजे त्या तुमच्या वासातूनच चालत येतायत.

दुसरी गोष्ट अ‍ॅपची. हवामानखात्यांचं वारा मोजायचं प्रमाण उघड्यावर १० मीटर उंचीचं असतं, आणि अंदाज त्याच हिशोबाचा असतो. झाडीत, घळीत, जमिनीलगत काय चाललंय ते त्याला माहीत नसतं. वारा ताशी १०-१२ मैल असेल आणि सलग असेल तर अ‍ॅपवर बराच विश्वास ठेवता येतो. ताशी ५ मैलांच्या खाली आला की माझ्या अनुभवात उतारावर थर्मलच राज्य करतं, अ‍ॅपवरचा बाण काही का दाखवेना. आणि इकडे संध्याकाळी वारा पडतोच.

तिसरी गोष्ट जास्त फसवी आहे. वायव्येचा वारा आणि पूर्व उतार म्हणजे तुम्ही डोंगराच्या आडोशाला बसलायत. ओढ्यात मोठा दगड असला की पाणी दगडावरून जातं आणि दगडाच्या मागे भोवरा होतो, पाणी उलटं दगडाकडे येतं, हे आपण सगळ्यांनी बघितलंय, त्यात पान सोडलं तर ते तिथेच गोल गोल फिरत राहतं. हवेचं अगदी तसंच. वारा डोंगराच्या माथ्यावरून उडी मारून जातो आणि मागच्या उतारावर उलटा फिरतो. त्यामुळे अ‍ॅपने वायव्य म्हटलं तरी तुमच्या झाडापाशी तो खालून वर, आडवा, कसाही येऊ शकतो. मोठे नर याच जागेचा फायदा घेतात. ते आडोशाच्या उतारावर वरच्या तिसऱ्या भागात बसतात, पाठीमागून माथ्यावरचा वारा येतो, समोर खालून दिवसा वर चढणारी हवा येते, डोळे उताराकडे. मागचं नाकाने, खालचं नाकाने आणि डोळ्याने. एवढी चांगली जागा ते उगाच निवडत नाहीत.

मग हवा बघायची कशी? दुकानात पावडरची छोटी पिचकारी बाटली मिळते, ती ठेवा, वाईट नाही, पण पावडर दोन-तीन हातांवर दिसेनाशी होते. म्हणजे हवा तुमच्या नाकापासून कुठे निघाली एवढं कळतं, पुढे कुठे गेली ते कळत नाही. आणि घोटाळा पुढेच होतो.

मी मिल्कवीड वापरतो. इथे रस्त्याकडेला, पडीक शेताच्या कडेला वाढतं, सप्टेंबर-ऑक्टोबरात बोंडं वाळतात आणि उकलायला लागतात. आपल्या रुईच्या जवळचं झाड आहे हे, तसाच पांढरा चीक, तसंच बोंड आणि आत तसाच रेशमासारखा कापूस. लहानपणी आपण ज्याला म्हातारी म्हणायचो, हातावर घेऊन फुंकर मारायचो आणि मागे पळायचो, तीच ही. मी पहिल्यांदा बोंड फोडलं तेव्हा हातात एकदम गावाकडचा बांध आला. दुसऱ्या महायुद्धात जावा बेटावरून येणारा कापोक, म्हणजे आपल्या पांढऱ्या सावरीचा कापूस, बंद झाला तेव्हा अमेरिकेतल्या शाळेच्या पोरांनी याच बोंडांच्या पोती गोळा केल्या होत्या, लाइफ जॅकेटात भरायला. तर बोंड उकलायच्या बेतात असताना तोडायचं, बी काढून तिथेच टाकायचं (मोनार्क फुलपाखराच्या अळ्या फक्त याच जातीच्या झाडांवर जगतात, त्यामुळे बी घरी आणून वाया घालवू नका), आणि कापूस औषधाच्या गोळ्यांच्या एका छोट्या डबीत भरून ठेवायचा. चीक डोळ्याला लागू देऊ नका, त्रास होतो.

बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी एक तंतू सोडायचा आणि तो दिसेनासा होईपर्यंत बघायचा, डोळे हलवायचे नाहीत. ऊन तिरपं असलं तर साठ-सत्तर यार्डांपर्यंत चमकताना दिसतो.

मला सगळं कळलं ती एक संध्याकाळ सांगतो. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, मी पण पूर्वेच्या उतारावर, झाडावर वीस फूट उंच. साडेचारला म्हातारी सोडली, ती पाठीमागून आलेल्या झुळकीने उताराच्या बाहेर, ओढ्याच्या वरून सरळ पलीकडच्या ओकांच्या शेंड्यांकडे गेली, उंचच राहिली. मी खूश. पाच वाजता दुसरी सोडली. ती तशीच निघाली, पंचवीसेक यार्ड गेली, थांबली, अक्षरशः हवेत उभी राहिली, मग हळूच खाली बसायला लागली आणि उलटी फिरून उताराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या कडेला एक पडलेला ओंडका आहे त्याच्यापाशी जाऊन टेकली. सव्वापाचची तर माझ्या बुटापासूनच सरळ खाली गेली, शिडीच्या पायऱ्या उतरावं तशी. आणि पाच पस्तीसला मादी आली ती त्याच ओंडक्यापाशी येऊन थांबली. मान वर केली, नाक ओलं करून दोनदा डोकं खाली-वर केलं, पुढचा एक पाय उचलून धरला. माझ्याकडे तिने बघितलंही नाही, तिला गरजच नव्हती. पाय आपटला, फुर्र केलं, शेपटीचा पांढरा पंखा वर आणि गेली. तिच्या मागे अजून दोघी होत्या त्या मी बघितल्याच नव्हत्या, त्यांच्या फक्त शेपट्या बघितल्या. त्या दिवशी अ‍ॅप सहा वाजेपर्यंत वायव्यच दाखवत होतं.

म्हणून सांगतो, स्टँड लावायच्या आधी नुसतं तिथे जाऊन बसा, धनुष्य न घेता. एक सकाळ आणि एक संध्याकाळ, डबी घेऊन, आणि किती वाजता हवा फिरते ते वहीत लिहा. माझ्या वहीत प्रत्येक झाडापुढे दोन वेळा लिहिल्यात, सकाळी हवा चढायला कधी लागते आणि दुपारी उतरायला कधी लागते. सकाळी उजाडल्यावर लगेच चढत नाही बरं का, ऊन प्रत्यक्ष उतारावर पडून तास-दीड तास जावा लागतो, ढग असले तर अजून उशीर, कधी कधी दिवसभर धड चढतच नाही. आणि तो मधला वेळ, जेव्हा हवा ना वर ना खाली, तो सगळ्यात वाईट, तंतू तिथल्या तिथे फिरत राहतो. पानं गळायच्या आधीची नोंद पानगळीनंतर चालत नाही, परत बसावं लागतं.

वीस फुटांवर बसलं की वास वरून निघून जातो असं बरेच जण सांगतील. चढत्या हवेत, सलग वाऱ्यात खरं आहे, जवळच्या हरणाच्या डोक्यावरून जातो. पण वास धुरासारखा पसरत पसरत कुठेतरी खाली येतोच, आणि संध्याकाळच्या उतरत्या हवेत तर उंचीचा काही उपयोग नाही. घरात वारा नसताना अगरबत्ती लावून बघा, धूर आधी सरळ काडीसारखा वर जातो, मग एका जागी मोडतो आणि पसरतो. कुठे मोडेल ते सांगता येत नाही. तसा विचार करायचा स्वतःबद्दल. आणि उंचीचा विषय निघालाच आहे तर, जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत पूर्ण हार्नेस (अंगाला बांधायचे सुरक्षा पट्टे) आणि लाइफलाइन (झाडाला बांधलेला दोर, हार्नेस त्याला अडकवायचा), यात तडजोड नाही.

आता वाऱ्याच्या बाबतीत अजून एक बारकी गोष्ट. वारा अगदी तोंडावर घेऊन बसणं पुस्तकात छान वाटतं, पण मोठा नर वाऱ्याकडे पाठ करून सहसा चालत नाही, त्याला नाकाला काहीतरी फायदा हवा असतो. नोव्हेंबरात माज सुरू झाला की तो माद्यांच्या बसायच्या जागेच्या खालच्या वाऱ्याला, म्हणजे वारा त्यांचा वास जिकडे नेतो त्या बाजूला, येऊन आत न शिरता नुसता वास घेत आडवा जातो. म्हणून मी असं झाड शोधतो की वारा त्याच्या दृष्टीने जवळजवळ बरोबर आहे पण माझा वास त्याच्या वाटेला पंधरा-वीस यार्डांनी चुकवून जातोय. थोडी जोखीम आहे यात, वारा जरा हलला की गेलं, पण माझे तिन्ही चांगले नर असेच मिळालेत. पहिल्या सीझनला मात्र हे करू नका, सरळ आडवा वारा घ्या.

वास कमी करण्याबद्दल आता, कारण ते अगदीच सोडून द्या असं मी म्हणत नाही. कमी वास म्हणजे हरणाला आपण जवळ आहोत की लांब, आत्ता आहोत की सकाळी गेलो, हे ठरवायला दोन सेकंद जास्त लागतात, आणि धनुष्याला दोन सेकंद पुष्कळ असतात. मी काय करतो? बिनवासाच्या साबणाने अंघोळ, डोक्याला त्या दिवशी खोबरेल नाही, कपडे बिनवासाच्या डिटर्जंटने धुऊन बाहेर दोरीवर वाळवतो. चमक आणणारे साबण नकोत, त्याने कपडे निळसर उजेड फेकतात आणि हरणाला निळा-जांभळा आपल्यापेक्षा चांगला दिसतो.

आपल्या घरांचा मोठा प्रश्न फोडणी आहे. ज्या कपाटात शिकारीचे कपडे आहेत ते स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असेल तर हिंग, कांदा-लसूण मसाला, मिरचीचा ठसका, सगळं कपड्यात बसतं आणि आपल्याला स्वतःला ते कळतही नाही कारण आपलं नाक त्याला सरावलेलं असतं. देवघरातला धूपही तसाच. मी कपडे गॅरेजमध्ये घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक पेटीत ठेवतो, आत ओकची वाळकी पानं टाकतो, आणि गाडीतून उतरल्यावर तिथेच बदलतो, घरून घालून निघत नाही. पेट्रोल पंपावर शिकारीचे बूट घालून उतरायचं नाही. पण जेवण बदलायच्या फंदात पडू नका. लसूण घामातून श्वासातून येतो हे खरं आहे, मात्र तुम्ही लसूण सोडला तरी माणसाचा वास माणसाचाच राहणार, आणि हरीण त्यालाच घाबरतं.

कार्बनच्या सूटबद्दल माझं स्पष्ट मत, त्या पैशात चांगला हार्नेस घ्या. कार्बन वास धरतो हे शास्त्र खरं आहे पण भरलेला कार्बन परत मोकळा करायला शेकडो अंश सेल्सिअस तापमान लागतं, घरच्या ड्रायरने ते होत नाही. शिवाय तोंड, केस, श्वास उघडाच असतो. शोधकुत्र्यांवर याचा प्रयोग झालेला आहे, सूट घातलेली माणसंही कुत्र्यांनी शोधून काढली. झाडावर डोक्याशी लावायची, वास मारणारी ओझोन वायूची यंत्रं तर मला नकोच वाटतात, ओझोन फुफ्फुसाला वाईट. हरणाच्या मूत्राच्या बाटल्या घ्यायच्या आधी नियम वाचा, सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांचा जीवघेणा रोग) या रोगामुळे पेनसिल्व्हेनियाच्या काही भागांत नैसर्गिक मूत्र वापरायला बंदी आहे.

आणि कृपा करून वास येईल म्हणून गोचिडाचं औषध टाळू नका. पेनसिल्व्हेनियात गोचिडापासून होणाऱ्या लाइम रोगाच्या केसेस भरपूर आहेत. पर्मेथ्रिन हे गोचिडाचं औषध कपड्यांवर आदल्या दिवशी मारून पूर्ण वाळवलं की वास राहत नाही. ओलं असताना घरातल्या मांजराला त्याच्याजवळ येऊ देऊ नका, मांजराला ते विषारी आहे.

खरा वास तयार होतो तो चालताना. ताज्या घामाला फारसा वास नसतो, कातडीवरचे जंतू त्याच्यावर काम करतात तेव्हा येतो, आणि तुम्ही चार तास बसणार आहात म्हणजे त्यांना भरपूर वेळ आहे. म्हणून पार्किंगपासून स्टँडपर्यंत मी पातळ एकाच थरात जातो, थंडी वाजली पाहिजे एवढा पातळ, जाकीट पाठीला बांधलेलं, आणि अर्धा तास जास्त धरून निघतो. घाम आला तर थांबायचं. झाडाखाली दहा मिनिटं उभं राहून अंग गार झालं की मगच वर. रबरी बूट, पँट बुटात खोचलेली, आणि वाटेतल्या फांद्यांना हात लावायचा नाही, कारण हरीण जमिनीवरचा वास एक वेळ सोडून देतं पण त्याच्या नाकाच्या उंचीवरच्या फांदीवरचा तळहाताचा वास सोडत नाही. मी वाटेवरच्या फांद्या ऑगस्टमध्येच छाटतो. कुठून जायचं हेही वाऱ्यावरच ठरवायचं, स्टँडला वारा बरोबर आहे पण जायची वाट हरणांच्या बसायच्या जागेच्या वरच्या वाऱ्याने, म्हणजे वारा जिकडून येतो त्या बाजूने, जाते तर तो स्टँड त्या दिवशी नाही. वारा चुकीचा असेल तर घरी बसणं किंवा दुसऱ्या झाडावर जाणं, हे शिकायला मला सगळ्यात जास्त वर्षं लागली.

हे सगळं का करायचं, तर नुसतं हरीण मिळावं म्हणून नाही. ज्या हरणाला शंका आलीय ते ताणलेलं असतं, दोरीचा आवाज झाला की खाली बसून उसळी मारतं आणि बाण जिथे लावला तिथे लागत नाही. जखमी होऊन रात्रभर फिरतं. शांत, चरणारं, वीस यार्डांवर आडवं उभं असलेलं हरीण फुफ्फुसात बाण लागला की काही सेकंदांत संपतं. मला दुसऱ्या सीझनला शंका आलेल्या मादीवर बाण सोडल्याचं अजून वाईट वाटतं, ती मला सापडली नाही.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एवढंच, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच असावी, पण हवा वाचायची विद्या तीच आहे. बुद्धपौर्णिमेला मचाणावर पाणवठ्याची मोजणी करायला बसता तेव्हा सेंट आणि वासाच्या उदबत्त्या नकोतच, आणि सांबर पाण्यावर येता येता का फिरलं ते रुईची म्हातारी सोडून बघा. पायी फिरताना मात्र उलटा विचार करा. अस्वलाला डोळ्याने कमी दिसतं, वारा तुमच्या तोंडावर असेल तर त्याला तुमचा वास लागत नाही आणि तुम्ही अचानक समोर जाता, तेव्हा अशा वेळी बोलत, आवाज करत चालणंच बरं.

आता तुमच्या जागेचं. तो मधल्या उतारावरचा स्टँड संध्याकाळी वापरणं आजपासून बंद करा. सकाळी मात्र तो चांगला आहे, ऊन तुमच्याच उतारावर आधी पडतं, हवा एकदा चढायला लागली की खालून येणाऱ्या हरणाला तुमचा पत्ता लागत नाही, फक्त तो पहिला तास हवा अजून उतरत असते हे लक्षात ठेवा. संध्याकाळसाठी खाली ओढ्यापाशी जा. माद्या ओढा जिथे ओलांडतात ती जागा शोधा, चिखलात खुरं दिसतील, आणि तिथून ओढ्याच्या वाहत्या दिशेला, म्हणजे खालच्या अंगाला, वीस-बावीस यार्डांवर झाड बघा. गार हवा उतारावरून ओढ्यात येते आणि मग पाण्याबरोबर खाली वाहत जाते, तुमचा वास त्यांच्यापासून लांब, खालीच जाईल. तिथे जाताना खालून ओढ्याच्या पाण्यातूनच चालत या, आणि अंधार पडल्यावर माद्या आजूबाजूला असतील तर उतरायची घाई करू नका, त्या शेताकडे निघून गेल्या की मगच, त्याच पाण्यातून परत. शनिवारी एकदा डबी घेऊन बसून बघा आणि किती वाजता हवा फिरली ते मला कळवा.